ओट्यावरची फाईल

मला माझ्या साडूचा राग यायचा, हे आधीच सांगून टाकतो. त्याने माझं काहीच वाकडं केलं नव्हतं. उलट भेटला की वाकून नमस्कार करायचा, 'साडूभाऊ' म्हणायचा, स्वतः उठून मला खुर्ची द्यायचा. त्याचाच जास्त राग यायचा. माणूस उद्धट असला तर निदान चार लोकांत त्याला नावं तरी ठेवता येतात.

तो येईपर्यंत आठ वर्षं मी त्या घरातला एकुलता एक जावई होतो. सासरे लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खात्यातून निवृत्त होऊन कोसाडच्या कॉलनीत राहत होते. त्यांच्या घरात हात टेकायची एकच खुर्ची होती आणि ती माझी होती. मी गेलो की सासूबाई पदर सावरत आत पळायच्या, सासरे बिडी विझवायचे. मग धाकट्या मेहुणीचं लग्न झालं आणि दुसरा जावई आला. पहिल्याच दिवाळीला त्याच्यासाठी शेजारून तशीच खुर्ची मागून आणली. माझी जुनी, एक पाय डुगडुगणारी, आणि त्याची शेजाऱ्यांची नवी. बायकोला म्हटलं, "पाहिलंस?" ती म्हणाली, "खुर्चीच आहे हो." तिला काय कळणार.

मी पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये ट्रेसर होतो. साडीवर जो छाप उमटतो त्याच्या प्रत्येक रंगाची वेगळी जाळी लागते, आणि त्या जाळीसाठी पारदर्शक कागदावर काळ्या शाईने आधी चित्र काढावं लागतं. लाल रंगाचा कागद वेगळा, हिरव्याचा वेगळा, काठाचा वेगळा. बुट्टा कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला, हे कापडावर दिसता कामा नये. बारा वर्षं मी हे करत होतो. माझ्या हातचा जोड शोधून दाखव, असं आमच्या शेठने एकदा व्यापाऱ्याला सांगितलं होतं. ते वाक्य मी सासुरवाडीत किमान दहा वेळा ऐकवलं असेल.

त्याच शेठने त्या वर्षी होळीनंतर आम्हा चौघांना बोलावलं आणि म्हणाला, "हवे कंप्यूटर आवी गयु, भाई. आता कंप्यूटर आला, दिवाळीनंतर हे टेबल बंद." दोघे लगेच दुसरीकडे काम बघू लागले. मी कुणाला सांगितलं नाही, फक्त बायकोला. तिला शपथ घातली, की कोसाडला यातलं अक्षर कळता कामा नये. मोठा जावई घरी बसणार, हे सासऱ्यांच्या कानावर जाण्यापेक्षा मी तापीत उडी मारली असती. आणि तेही कुणामुळे, तर कंप्यूटरमुळे. कारण साडू तेच काम करायचा.

बमरोलीला त्याच्या पुढच्या खोलीत कंप्यूटर होता. त्याच्यावर प्लास्टिकचं झाकण, झाकणावर मेहुणीने विणलेला रुमाल, आणि बाहेर चपला काढल्याशिवाय आत प्रवेश नाही. मार्केटमधले व्यापारी त्याला साडीचा नमुना द्यायचे, तो यंत्रावर रंग बदलून देई. मला चार दिवस लागायचे ते तो जेवणाआधी उरकायचा. बुट्टे मात्र त्याचे अगदी बेचव. पान काढलं तर त्यात शीर नाही, कैरी काढली तर तिला पोट नाही. मी एकदा बोललो तसं. त्याने ते वहीत लिहून घेतलं. हा काय माणूस आहे!

त्या वर्षी त्याने नेटची लाइन घेतली. फोनचीच वायर, पण यंत्रात घातली की आधी खरखर, मग चिरकणं, आणि मग म्हणे अमेरिका. नेट चालू असेपर्यंत त्यांचा फोन कुणाला लागायचा नाही. सासरे दोन-दोनदा पीसीओवर जाऊन परत यायचे आणि तरी कौतुकाने सांगायचे, "धाकटे जावई लाइनवर असतील." मी कधी फोन उचलायला उशीर केला, तर मला मात्र विचारायचे की झोपला होता का.

लाइन आल्यावर त्याने आम्हा सगळ्यांना बोलावून ती दाखवली. सासूबाईंनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग तो समजावून सांगायला लागला. बाहेरून काही उतरवून घ्यायचं तर यंत्र दोन गोष्टी विचारतं: थेट उघडू, की आधी ठेवून घेऊ? आपण नेहमी ठेवून घ्यायचं. त्यासाठी त्याने एक पिवळा फोल्डर केला होता आणि त्याला नाव दिलं होतं 'ओटा'.

"मयतीवरून माणूस आला तर आपण त्याला एकदम घरात घेतो का?" तो सासूबाईंना म्हणाला. "बाहेरच हातपाय धुवायला लावतो, कडुलिंबाचं पान देतो, मग उंबरा. तसंच हे. फाईल आली की ओट्यावर बसवायची. तपासणारा प्रोग्राम तिच्यावरून फिरवायचा. नावाच्या शेवटची तीन अक्षरं बघायची, गाण्याची वेगळी असतात, चित्राची वेगळी. ज्याच्या मागे 'exe' असेल तो पाहुणा गाणं म्हणायला आलेला नसतो, तो घरात काम करायला आलेला असतो. काय काम करेल ते आपल्याला ठाऊक नाही. आणि वजन बघायचं. एक गाणं उतरायला अर्धा तास लागतो. फार लवकर आलं तर समजायचं, काहीतरी गडबड आहे."

सासूबाईंना सगळं पटलं. "बराबर शे," म्हणाल्या. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. पण कान माझे तिकडेच होते, म्हणून तर आज शब्दन् शब्द सांगू शकतो.

मग धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी येणारा हा अधिक महिना म्हणजे जावयांचा महिना. पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारसे, नवे कपडे, पाटावर बसवून ओवाळणं. दोन जावई म्हणजे दोन ताटं, आणि दोन ताटं म्हणजे तुलना. तुम्ही कितीही शहाणे असा, तुमची नजर दुसऱ्याच्या ताटात जाणार.

रविवारी जेवण ठरलं होतं. त्याच्या आठ-दहा दिवस आधी साडूने डाव साधला. सासऱ्यांच्या तरुणपणी रेडिओवर एक गाणं लागायचं. रात्रपाळीहून आले की ते ऐकायचे. त्याची तबकडी कुठे मिळत नव्हती, कॅसेट निघालेली नव्हती. मीसुद्धा चौटा बाजारात दोन दुकानं पालथी घातली होती. साडूने ते नेटवर कुठल्यातरी परदेशातल्या मराठी माणसाच्या पानावर शोधलं. तीन वेळा लाइन तुटली, चौथ्यांदा उतरलं. ओट्यावर बसवलं, तपासलं, मग वायर लावून कॅसेटवर भरलं आणि कोसाडला नेऊन दिलं.

सासऱ्यांनी ते ऐकलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या लग्नातसुद्धा नव्हतं आलं. त्यांनी धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढलाच नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मग ते म्हणाले, "त्या तबकडीच्या मागच्या बाजूला याच्या जोडीचं दुसरं गाणं होतं. तेही काय सुंदर होतं." साडू म्हणाला, "शोधतो." मी मनात म्हटलं, ते मी आणणार. दुसरी बाजू माझी.

गुरुवारी आमच्या खात्यातला बॉयलर बंद पडला आणि दुपारी सुट्टी झाली. मी थेट बमरोलीला गेलो. मेहुणी अनारशांसाठी माहेरी गेली होती. साडू एकटाच होता आणि नेट चालू होतं. माझ्यापुढे खुर्ची सरकवली, पाणी दिलं, तेवढ्यात खालून ओरडा झाला की नळ आले. बमरोलीला उन्हाळ्यात पाणी पाऊण तास यायचं. तो बादल्या उचलत म्हणाला, "साडूभाऊ, लाइन चालू आहे, तेवढं हात लावू नका, मी पिंप भरून येतो."

खरं म्हणजे मी एक बादली उचलायला हवी होती. पण मोठा साडू पाणी भरणार का? मी खुर्ची बदलली आणि त्याच्या खुर्चीवर बसलो.

शोधायच्या चौकटीत एका बोटाने गाण्याचं नाव लिहिलं. इंग्रजीत कसं लिहायचं, याचे तीन प्रयोग केले. तिसऱ्यांदा एक पान उघडलं. काळी पाटी, लुकलुकणाऱ्या चांदण्या, आणि खाली ओळीने गाण्यांची नावं. त्यात माझं गाणं. मी दाबलं. यंत्राने विचारलं: थेट उघडू, की आधी ठेवून घेऊ?

मला त्याचं सगळं आठवत होतं. ओटा आठवत होता, कडुलिंबाचं पान आठवत होतं. पण खाली बादल्यांचा आवाज येत होता आणि तो वर यायच्या आत मला गाणं वाजायला हवं होतं. त्याने दारातून आत यावं, गाणं ऐकावं आणि त्याचं तोंड मला दिसावं, एवढंच मला पाहिजे होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मी थेट उघडलं.

चार मिनिटांत उतरलं! त्याला अर्धा तास लागतो, मला चार मिनिटं. मी खुर्चीत मागे रेललो. मनात म्हटलं, एवढ्याचं केवढं कौतुक करतात हे लोक. पडद्यावर काळी खिडकी उघडली आणि मिटली. पेटीतून करकर ऐकू यायला लागली. गाणं काही वाजेना. मी स्पीकरचं बटण फिरवलं, आणखी फिरवलं, शेवटपर्यंत फिरवलं. करकर वाढत गेली, मग पडदा निळा झाला, त्यावर पांढरी अक्षरं आली. मी भिंतीवरचं बटणच बंद केलं, पुन्हा चालू केलं आणि आपल्या आधीच्या खुर्चीवर येऊन बसलो.

तो ओलाचिंब होऊन वर आला. "बंद कसा झाला?" मी म्हटलं, "आपोआप झाला. लाइट गेली असावी." तो म्हणाला, "होतं कधी कधी." मग त्याने यंत्र चालू केलं. काळ्या पडद्यावर एकच ओळ आली आणि पुढे काही येईना. त्याने पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. मग तो आत गेला आणि माझ्यासाठी चहा ठेवला. तो चहा मी पिऊन निघालो.

शुक्रवारी बातमी कोसाडहून फिरून आमच्याकडे आली. धाकट्या जावयांचं यंत्र पुसलं गेलं, सगळं काम गेलं. त्यांनी स्वतः सासऱ्यांना सांगितलं, "चूक माझीच, घाईत एक फाईल थेट उघडली." मी बायकोपुढे चकार शब्द काढला नाही. आणि लपवत नाही, मला आत कुठेतरी गार वाटलं. संध्याकाळी मुद्दाम कोसाडला चक्कर टाकली. सासरे म्हणत होते, "लोकांना ओटा शिकवतो आणि स्वतः उघड्या दाराने झोपतो." सासूबाई माझ्या हातात चहा देत म्हणाल्या, "हातनं काम ते हातनंच काम शे, जवाई." आधीची आठ वर्षं होतो तसा आता पुन्हा एकटा जावई झाल्यासारखं वाटलं. चहा दोनदा घेतला.

शनिवारी दुपारी बायको जेवली नाही. मी कारण विचारलं. ती म्हणाली, "आज चार वाजता रिंग रोडला जायचं होतं."

"कुणाला?"

"तुम्हाला. माहीत नव्हतं तुम्हाला."

ट्रंकेच्या तळाशी माझी एक वही असायची. बारा वर्षांतला प्रत्येक चांगला बुट्टा मी तिच्यात काढून ठेवला होता, कुणाला दाखवायला नाही, माझ्यासाठी. टेबल बंद होणार, हे कळल्यावर बायकोने ती वही साडूकडे नेली होती. मी कामावर गेलो की न्यायची आणि मी यायच्या आत परत आणून ठेवायची. दोन महिने असं चाललं होतं. तो एकेक पान यंत्रात घेई, जोड लावी, रंग भरी. साठ साड्या तयार केल्या होत्या, सगळे बुट्टे माझे. रिंग रोडच्या एका पेढीला डिझाइन खात्यावर माणूस हवा होता, ज्याला यंत्र येत नसलं तरी चालेल पण ज्याच्या हातात बुट्टा आहे असा. साडूने माझं नाव दिलं होतं. त्या पेढीच्या शेठला शनिवारी चारला ते सगळं बघायचं होतं. फ्लॉपीत ते मावत नव्हतं, म्हणून तो शुक्रवारी दुकानात नेऊन त्याची सीडी करून घेणार होता. मी ते गुरुवारी पुसलं.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर वही दिली असती तुम्ही? त्याला?"

नसती दिली. जीव गेला असता तरी नसती दिली. मी हात धुतले आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तिला तेव्हाही खरं सांगितलं नाही. साडूने चारला त्या शेठकडे जाऊन बायकोने दिलेली वही तेवढी दाखवली, पुढच्या आठवड्याची मुदत मागितली, पण शेठने रंगासकट काम दाखवणारा दुसरा माणूस त्याच संध्याकाळी ठेवून घेतला.

रविवारी आम्ही दोघे जावई शेजारी शेजारी पाटावर बसलो. ओवाळून झालं. दोघांच्या ताटात तेहतीस-तेहतीस अनारसे, आणि या वेळी माझी खुर्ची नवीन होती, सासऱ्यांनी विकत आणलेली. मी ज्याच्यासाठी मरत होतो ते सगळं समोर मांडलेलं होतं. साडू खाली मान घालून धोंडा मोडत होता. सासरे त्याला म्हणाले, "मोठ्या जावयांकडून काही शीक. बारा वर्षांत त्यांच्या हातून कुणाचं काम बुडलं नाही."

मी हातातला घास ताटात ठेवला. मी म्हटलं, "फाईल मी उघडली."

सासूबाईंचा तुपाचा चमचा हवेतच राहिला. मी सगळं सांगितलं, खाली नळ आले होते तिथपासून. दिवाळीनंतर टेबल बंद होणार, तेही सांगितलं, एकदा सुटलं ते सुटलंच. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे तोंड केलं.

सासरे धाकट्याकडे वळून म्हणाले, "आणि तू हे स्वतःवर घेतलंस?" त्यांनी आपल्या ताटातला धोंडा उचलून त्याच्या ताटात ठेवला. सासूबाईंनी कौतुकाने त्याच्यावरून हात ओवाळून कानशिलांवर बोटं मोडली. खरं मी बोललो आणि मोठा तो झाला. आता काय करावं माणसाने!

हात धुताना मी त्याला विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पाणी भरून वर आलो तेव्हाच," तो म्हणाला. "आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं."

दिवाळीनंतर टेबल बंद झालं. दोन-चार ठिकाणी हिंडलो, मग एके दिवशी बायकोने वही माझ्या हातात दिली आणि दार उघडलं. मी बमरोलीला गेलो. साडूने पुढच्या खोलीत दुसरी खुर्ची टाकून ठेवलेली होती. मी कागदावर काढायचो, तो यंत्रात घ्यायचा. व्यापारी आला की म्हणायचा, "हे आमचे मोठे साडूभाऊ, डिझाइन यांचं, मी नुसता रंगारी." पानात शिरा कशा घालायच्या, ते मी त्याला शिकवलं. त्याने मला तीन अक्षरं बघायला शिकवलं.

दीड-दोन वर्षांनी मागच्या बाजूचं गाणं सापडलं. अर्थात त्यालाच. पस्तीस मिनिटं उतरत होतं. ओट्यावर बसवलं, तपासलं, शेवटची तीन अक्षरं मला वाचून दाखवली. सासरे त्या दिवशी बमरोलीलाच आलेले होते, नजर अधू झाली होती, भिंतीला टेकून बसले होते. साडू आपल्या खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "साडूभाऊ, तुम्ही उघडा."

मी उघडलं. आवाजाचं बटण त्याने आधीच कमी करून ठेवलं होतं. गाणं सुरू झालं तसे सासरे सरळ बसले, डोळे पुसत म्हणाले, "कुणी आणलं हे?"

"मोठ्या जावयांनी," तो म्हणाला.

सासऱ्यांनी चाचपडत माझी पाठ शोधली आणि तिच्यावर हात ठेवला, आणि गाणं संपेपर्यंत तो काढला नाही. आणि खरं सांगतो, मला तेव्हाही साडूचा रागच आला.